मोटरमन रेस्टवर

१४ फेब्रुवारी २००७, बुधवार

राणोजी म्हणाला लिहा, म्हणून लिहायला बसलो आहे. माझ्या मुलीची, निधीची, गेल्या वर्षीची वही. पुढची पानं केमिस्ट्रीने भरलेली, मागची कोरी. ड्यूटीचे कागद भरण्यापलीकडे मला लिहायची सवय नाही.

राणोजी माझ्या गाडीचा गार्ड. तंजावरकडच्या मराठी घरातला. त्याचं मराठी ऐकलं की बखरीतला एखादा कारकून उठून बोलायला लागलाय असं वाटतं, आणि मध्येच तो तमिळमध्ये घसरतो. "मनांत ठेविलें तर कुजेल, सार. कागदावर काढून ठेवा."

तर काढून ठेवतो. सोमवारी सकाळी तांबरमहून बीच स्टेशनकडे जाताना माझ्या गाडीखाली एक माणूस आला. साठीचा असेल. पांढरा इस्त्रीचा शर्ट. दोन स्टेशनांच्या मध्ये. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, ओरडलोसुद्धा. कॅबची काच बंद, कोण ऐकणार, तरी ओरडलो. भरलेली लोकल जागच्या जागी थांबत नाही. हे आम्हाला शिकताना सांगतात. ते खरं आहे.

उतरलो. राणोजी मागून धावत आला. कंट्रोलला कळवलं, पोलीस आले, जे करायचं ते केलं. आणि मग मी गाडी पुढे नेली. गाडीत माणसं होती, त्यांना कामावर जायचं होतं. एग्मोरला दुसरा मोटरमन चढला तेव्हा मी उतरलो. तोवर प्रत्येक स्टेशनवर गाडी बरोबर खुणेवर उभी केली. याचा मला अभिमान वाटला. हेही लिहून ठेवतो, कारण त्याच क्षणी स्वतःची किळसही आली.

साहेबांनी तीन दिवस रेस्ट लिहून दिली आहे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मला काही झालेलं नाही. जेवतो, अंघोळ करतो, पेपर वाचतो. आमच्यातल्या बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. माझ्या वाट्याला वीस वर्षांत आलं नव्हतं, म्हणजे मी नशीबवानच म्हणायचा.

रेस्टमध्ये करायचं काय, हे मात्र कळत नाही. बाबा कुर्डुवाडीला इंजिनावर फायरमन होते. ते म्हणायचे, ड्रायव्हरच्या जागा दोनच, गाडीत नाहीतर गादीत. खुर्चीवर बसलेले बाबा मला आठवत नाहीत. मीही त्यातलाच. ड्यूटी नसली की झोपायचो आणि उठलो की ड्यूटी. आता खुर्चीत बसलो की हात कुठे ठेवावेत ते सुचत नाही. लोकलमध्ये उजव्या हाताखालचं हँडल सतत दाबून धरावं लागतं, सोडलं की गाडी आपोआप थांबते. वीस वर्षं दाबून धरलेला हात खुर्चीच्या दांड्यावर नुसता ठेवायचा म्हणजे विचित्र वाटतं.

बायको, विद्या, घरी आहे. शाळेला सुट्टी म्हणाली. ती शिकवते त्या बालवाडीला फेब्रुवारीत कसली सुट्टी कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, "असते हो मधूनमधून."

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज ड्यूटीवर गेलो होतो. लाज वाटते लिहायला.

त्या जागेच्या अलीकडे सिग्नल हिरवा होता. समोर लाइन मोकळी होती. आणि मी हात उचलला. गाडी उभी राहिली.

फोनवर राणोजी, "काय झालें, सार?"

म्हणालो, "रुळावर कुणीतरी आहे."

मागच्या डब्यांतून माणसं ओरडत होती. मग राणोजी म्हणाला, "मी उतरून पाहतों." तो उतरला, खडीवरून चालत गाडीच्या पुढे आला, रुळांमध्ये उभा राहून त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने नीट पाहिलं. काचेतून माझ्याकडे बघून हात हलवला. मोकळं आहे.

त्याच जागी राणोजीला उभा पाहून मला ओकारी आली.

गाडीवरून उतरवलं आहे. हॉस्पिटलच्या डॉक्टरीण बाईंनी गोळ्या दिल्या, दर शुक्रवारी यायला सांगितलं. रेस्ट आता किती ते कुणी सांगत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

हेरंब आला आहे. विद्याचा धाकटा भाऊ, मिरजेला असतो. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी बघायला आलोय म्हणाला. मिरजेतली चांगली चाललेली नोकरी सोडून इतक्या लांब? कळवलंही नव्हतं. हॉलमध्ये माझ्या खाटेशेजारीच गादी टाकून झोपतो. मी पाणी प्यायला उठलो तरी याचे डोळे उघडे. "काय भावजी, झोप नाही का?" मी म्हटलं, तुला तरी कुठे आहे.

निधीची प्लस टूची, म्हणजे बारावीची परीक्षा तोंडावर आहे. आपली खोली सोडून ती हॉलमध्ये पुस्तकं पसरून बसते. मी म्हटलं, "आत बस ना, शांत असतं." तर म्हणाली, "परवाइल्ले, असू दे अप्पा, इथेच छान अभ्यास होतो." पुस्तकाचं पान मात्र फार वेळ उलटत नाही. ही मुलगी कशी पास होणार, देव जाणे.

३ मार्च, शनिवार

घर मोडकळीला आलंय. बाथरूमची आतली कडी निघाली. विद्या म्हणते, मोडली. मी म्हटलं, आण, लावून देतो. तर कडीच सापडत नाही. गच्चीची किल्ली हरवली. माझ्या गोळ्यांची पट्टी टेबलावर असायची, ती आता विद्या कपाटात ठेवते आणि एकेक गोळी हातावर देते, प्रसाद दिल्यासारखी. मी काय लहान आहे?

आणि भांडत नाही. वीस वर्षांच्या संसारात मी ओला टॉवेल गादीवर टाकला आणि ती बोलली नाही, असं झालं नव्हतं. आता उचलते, वाळत घालते, वर विचारते, "कॉफी देऊ का?" मी बिनकामाचा झालो म्हणून ही माझ्याशी पाहुण्यासारखं वागते की काय! घरात नवरा म्हणून काही वजन असतं ते पगाराचं आणि खाकी पँटचं असावं.

हेरंब अजून एकदाही श्रीपेरुंबुदूरला गेलेला नाही.

९ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटलमधून येताना विद्याला म्हटलं, तू पुढे हो, मी जरा चालून येतो. स्टेशनच्या पादचारी पुलावर गेलो. वरून गाड्या बघत होतो. एकेक गाडी बघून, आत कोण असेल ते ओळखत होतो. ब्रेक लावायची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. चांगलं वाटत होतं. पुष्कळ दिवसांनी डोकं शांत झालं होतं. मनात विचार असा काहीच नव्हता. गाडी येते, जाते. रूळ चकचकतात. इतकं शांत की कुठे जावंसंच वाटेना.

मागे वळलो तर विद्या. हातात भाजीची पिशवी. चेहरा घामाने भिजलेला, पदर सुटलेला, जणू पळत आली.

"इकडे कुठे?" मी.

"भाजीला आले होते," म्हणाली.

पुलावर कुठली भाजी? पिशवी तर रिकामी होती. आणि घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. आमच्या पल्लावरमच्या भर बाजारातून! लग्नानंतरही कधी असा धरला नव्हता. मला अवघडल्यासारखं झालं.

११ मार्च, रविवार

राणोजी आला होता. मी त्याला खोदून खोदून विचारलं, तेव्हा नाव सांगितलं. गुरुमूर्ती. गुम्मिडिपूंडीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. बायको आहे, मुलंबाळं नाहीत. घर लाइनपासून जवळच.

मी म्हटलं, मला तिथे जायचंय.

"नका जाऊं," राणोजी म्हणाला. "तुम्ही त्यांस काय सांगणार? मीच तो, म्हणून? त्या बाईनें काय करावें मग? क्षमा करावी कीं शाप द्यावा?"

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. चौकशीत विचारली नाही म्हणून बोललो नाही. ती डोक्यात घेऊन मला पुढे जगता येईल असं वाटत नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. तसं काही म्हणायचं नव्हतं. भाषेची सवय नाही.

१७ मार्च, शनिवार

गेलो होतो. विद्या ऐकेना, बरोबर आली. घराखाली किराणा दुकान आहे, तिथे बाकावर बसते म्हणाली. मी जिना चढलो. मधल्या वळणावरून खाली पाहिलं, तर बाक सोडून जिन्याच्या पायाशीच उभी होती.

दार गुरुमूर्तींच्या बायकोने, कनका अम्मांनी, उघडलं. बुटक्या, सावळ्या, जाड भिंगाचा चष्मा. मी तमिळमध्ये म्हटलं, "मी रेल्वेत आहे."

"रेल्वे पोलिसांच्या कागदांवर सह्या झाल्या ना सगळ्या?"

"तसं नाही. त्या दिवशीची गाडी मी चालवत होतो."

दार लोटतील असं वाटलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या. "आत या, सार. उन्हातून आलात."

खोली लहान. भिंतीवर फोटो, हार ताजा. फोटोतला माणूस हसत होता, म्हणून आधी ओळखू आला नाही. खिडकीशी एक लाकडी खुर्ची. मी तिच्याकडे वळलो तर त्या म्हणाल्या, "तिथे नको. ती त्यांची." मी जमिनीवर बसलो. त्याही समोर बसल्या.

त्याच बोलायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं. "नोकरीत होते तेव्हा पहाटे चारला उठायचे. गुम्मिडिपूंडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन गाड्या बदलायच्या. इतकी वर्षं मी म्हणायचे, एकदा रिटायर व्हा आणि उन्हं वर येईपर्यंत झोपा. रिटायर झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला उठले. अंघोळ, विभूती, इस्त्रीचा शर्ट. आणि या खुर्चीत येऊन बसले. मी म्हटलं, आता कुठे जायचंय? झोपा ना. तर म्हणाले, कनका, मला येत नाही ते. वर्षभर रोज असंच. शर्ट घालून बसायचे. दुपारी शर्ट काढून घडी करून ठेवायचे. मी विचारायचे, काय होतंय? म्हणायचे, काही नाही. मी बरं म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जायचे."

मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. "सगळे म्हणतात, रूळ ओलांडत होते. कानाने कमी ऐकायचे, गाडी कळली नाही. माझा भाऊ म्हणतो, शेजारी म्हणतात, पोलिसाने पण तसंच लिहिलंय. तुम्ही पुढे होता. तुम्ही सांगा. ओलांडत होते, का उभे होते?"

जिना चढताना मी ठरवलं होतं की ओलांडत होते म्हणून सांगायचं. जीभ तशी वळवूनही पाहिली. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्या बघण्यात आशा नव्हतीच. एकटेपणा होता. आख्खं जग एक बोलतंय आणि आपल्याला दुसरं ठाऊक आहे, असा.

मी म्हटलं, "उभे होते, अम्मा."

त्यांनी मान डोलावली.

"दोन रुळांच्या मध्ये. आधी पाठमोरे होते. मग वळले आणि गाडीकडे पाहिलं. प्लॅटफॉर्मवरची माणसं वाकून बघतात ना, आपली गाडी आली का म्हणून? तसं. घाबरलेले नव्हते. रोजची गाडी आल्यासारखे बघत होते." मी जमिनीकडे बघत म्हटलं, "मी कुणाला सांगितलं नव्हतं."

खुर्चीकडे बघत त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. त्या दिवशी जाताना पाकीट, घड्याळ, किल्ली सगळं खुर्चीवर ठेवून गेले होते. मी ते कुणाला दाखवलं नाही. सगळे माझ्यावर मायेने खोटं बोलतायत, मी त्यांच्याशी मायेने. बरं झालं तुम्ही आलात." आणि मग, "तुम्ही काय केलंत तेव्हा?"

"हॉर्न दिला. ब्रेक लावला. ओरडलो."

"काय ओरडलात?"

मला आठवावं लागलं. "आमच्या भाषेत. नको, नको, असं. नको म्हणजे वेंडाम."

"वेंडाम," त्या हळूच म्हणाल्या. एवढा वेळ कोरडे असलेले डोळे भरून आले. "म्हणजे शेवटी कुणीतरी त्यांना नको म्हणालं. मी म्हणाले नव्हते, भाऊ. वर्षभर समोर बसले होते, मी एकदाही म्हणाले नाही. मला वाटलं, दमलेत, आराम करतायत."

आम्ही दोघंही रडलो. मी परक्याच्या घरात, परक्या बाईसमोर, मोठ्याने. बाबा गेले तेव्हाही असा रडलो नव्हतो, त्या रात्री ड्यूटी होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "झोपता का तुम्ही?"

"गोळीने."

"कामावर?"

"नाही."

"एकटे आलात?"

"बायको आहे खाली. हल्ली जाईन तिथे येते. पुलावर गेलो तर पुलावर."

त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग उठल्या आणि जिन्यात जाऊन त्यांनी हाक मारली, "अम्मा, वर या."

विद्या इतक्या पटकन वर आली की जणू अर्ध्या जिन्यातच होती. कनका अम्मांनी तिला पाण्याचा पेला दिला, जवळ बसवलं. तिचं तमिळ मोडकं आहे, म्हणून त्या सावकाश बोलल्या. "मी विचारायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. तू जात नाहीस ना?"

विद्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "नाही. मी जात नाही."

"जाऊ नकोस."

"पण मला फार भीती वाटते हो," विद्या मराठीत म्हणाली, आणि तिच्या हातातला पेला निसटला. पाणी जमिनीवर पसरलं. कुणी पुसायला उठलं नाही. दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या. आणि मी पसरलेल्या पाण्याकडे बघत होतो. मला ती रिकामी पिशवी दिसत होती, कडी दिसत होती, गच्चीची किल्ली, मिरजेहून आलेला हेरंब, पान न उलटणारी निधी.

१८ मार्च, रविवार

सकाळी हेरंब आणि निधी बाहेर गेल्यावर विद्याला विचारलं, "तुला काय वाटलं होतं?"

ती डाळ निवडत होती. "ते मी तोंडातून काढणार नाही."

"शाळा?"

"बिनपगारी रजा टाकली आहे."

"हेरंबची नोकरी?"

"त्याने मिरजेत महिन्याची सुट्टी घेतली आहे. त्याच्या साहेबाला खरं सांगून." मग ताट खाली ठेवून म्हणाली, "पुलावर तुम्ही काय करत होता, ते तुम्ही मला सांगा."

मी म्हटलं, गाड्या बघत होतो. मग पुन्हा विचार केला. खरं काय ते मलाच धुंडाळावं लागलं. शेवटी म्हणालो, "खरं सांगू? मला माहीत नाही. जीव द्यायचा असं मनात आलं नव्हतं. पण परत घरी यायचं आहे, असंही मनात नव्हतं."

तिने डोळे मिटले. "शुक्रवारी हे डॉक्टरांना असंच्या असं सांगायचं. मी बरोबर असेन."

"बरं."

"आणि मला रोज सांगायचं. आहे असं, नाही असं. काही नाही म्हणायचं नाही."

मी बरं म्हटलं. निधीला काय सांगायचं ते दोघांनाही कळेना. दुपारी ती परत आली, तेव्हा मी तिला जवळ बोलावून म्हटलं, "तू आत बसून अभ्यास कर. अप्पा कुठे जाणार नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "प्रॉमिस?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन दार लावून घेतलं. मग आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

१२ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीण बाई आणि साहेब यांनी ठरवून आज मला कॅबमध्ये चढवलं. चालवायला नाही. दुसऱ्या मोटरमनशेजारी नुसतं उभं राहायचं. गोळ्या बदलल्यापासून झोप येते, बरं वाटतं. मला खात्री होती. विद्याने डबा दिला होता.

तांबरम सोडलं. सॅनिटोरियम, क्रोमपेट. कॅबमधला तो तेलाचा, तापलेल्या धातूचा वास. मी मनाशी म्हटलं, आलो घरी. मग ती जागा जवळ आली. माझा हात हॉर्नवर गेला. तो का गेला, कुणी नेला, माहीत नाही. हॉर्न वाजतच राहिला. चालवणारा ओरडला, सार, काढा, काढा, तरी हात निघेना. शेवटी त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. पुढच्या स्टेशनवर बाकावर बसून राहिलो. डबा तिथेच विसरलो.

बाई म्हणाल्या, काहींना जमतं, काहींना नाही, यात कमकुवतपणा नसतो. मी मान डोलावली. पण बाई, तुम्हाला कसं सांगू? मला दुसरं काही येतच नाही. मी वाईट नवरा नव्हतो, वाईट बापही नसेन, पण ते सगळं मी ड्यूटी संपल्यावर होतो. आधी मी मोटरमन होतो. आत आणखी कुणी आहे का, ते बघायची वेळच आली नव्हती. आता बघतो तर आत गुरुमूर्तींसारखी एक खुर्ची आहे आणि तिच्यावर शर्ट घालून कुणीतरी बसलंय.

हे विद्याला असंच्या असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बसू दे त्याला. पण आपल्याशी बोलत बसू दे."

६ मे, रविवार

मेडिकल बोर्डाचा निकाल आला. गाडी कायमची बंद. लॉबीत बसायचं, म्हणजे मोटरमन आणि गार्ड ड्यूटीवर हजर होतात त्या कचेरीत. पगार थोडा कमी.

हेरंब मागेच मिरजेला गेला. विद्याची शाळाही उन्हाळ्यासाठी बंद झाली. खरोखरची. आज जेवण झाल्यावर ती खाटेवर टेकली आणि बोलता बोलता झोपली. कुकर, भांडी, सगळं तसंच टाकून. झोपेत तिचं तोंड जरा उघडं होतं, केस पुष्कळ पांढरे झालेले दिसले. ते कधी झाले मी पाहिलं नव्हतं. उन्हाने खोली भट्टी झाली होती, तरी ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. मी शेजारी बसून होतो. काही करत नव्हतो. मोटरमन झाल्यापासून मी जागेपणी असा बसलो असेन का? बसता येत होतं. बाहेर गाड्या जात होत्या. तरी बसता येत होतं.

जाग आल्यावर ती दचकून म्हणाली, "अहो! तुम्ही कुठे होतात?"

"इथेच."

४ जून, सोमवार

आज लॉबीत पहिला दिवस. काम सोपं. आलेल्याची सही घ्यायची, दारूची तपासणी करायची, पुरेशी झोप झाली का विचारायचं, गाडी नेमून द्यायची. झोपेचं सगळे हो म्हणतात. मीही वीस वर्षं हो म्हणत आलो. आज एकदोघांच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा विचारलं, तेव्हा ते गोंधळले. एक जण हसला. एक जण हसला नाही, "बाळ आजारी आहे, सार," म्हणाला. त्याला मी बसवून चहा दिला, साहेबांशी बोललो आणि त्याच्या जागी राखीव माणूस दिला. साहेबांना फारसं आवडलं नाही.

सकाळच्या बीच गाडीसाठी विजयेंद्र म्हणून नवा मोटरमन आला. माझी गाडी. गार्ड राणोजी. राणोजीने माझ्यासमोर सही केली, खांद्यावर हात ठेवला आणि शेवटच्या डब्याकडे गेला. विजयेंद्रला मी वेळ सांगितली, पुढच्या एका वळणावर वेगाची मर्यादा आहे ती सांगितली. तो "सरी सार" म्हणून निघाला. माझं काम तिथे संपलं होतं. तरी मी बाहेर प्लॅटफॉर्मवर आलो.

सिग्नल झाला. गाडी हलली. चांगला हात आहे पोराचा, अजिबात धक्का बसला नाही. पहिला डबा गेला, दुसरा गेला. खिडक्यांतून माणसं. कुणी डुलक्या काढणारं, कुणी फुलं माळणारं, दाराशी डबे सांभाळत उभी असलेली पोरं. इतकी वर्षं मी यांना नेलं आणि यांची तोंडं कधी पाहिली नव्हती. माझ्या गाडीला जाताना मी कधीच पाहिलं नव्हतं. कसं पाहणार, मी तिच्यात असायचो.

शेवटचा डबा आला. राणोजी दारात उभा होता. त्याने हात वर केला. मीही केला. गाडी लांब जाऊन वळणाआड गेली, आणि रूळ तेवढे मागे राहिले.

"सार," आतून कुणीतरी हाक मारली, "सही?"

"आलो," मी म्हटलं. डोळे पुसले आणि आत गेलो.